लाट केवढी, आडोसा केवढा

कार्तिकातल्या पहाटे रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला गेलेल्या घनसावंगीच्या शेतकऱ्याला शेजारच्या गावचा काकडा ऐकू येतो. टाळ, मधूनच पखवाजाची थाप, एखाद्या चढ्या आवाजाच्या विणेकऱ्याचा सूर. गाव दोन-अडीच किलोमीटरवर, तरी वाटतं, बांधापलीकडंच भजन बसलंय. तोच माणूस वैशाखात भर दुपारी त्याच बांधावर उभा राहिला, तर त्याच देवळाचा भोंगा त्याला धड ऐकू येत नाही. मात्र अंबडकडून येणाऱ्या डांबरी रस्त्यावर, जिथं थेंबभर पाणी नाही, तिथं डबकं चकाकताना दिसतं. पहाटे जवळ आलेला काकडा आणि दुपारी दिसलेलं मृगजळ यांचं कारण एकच आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र ध्वनी एका धड्यात, प्रकाश दुसऱ्या धड्यात, आणि दोन्ही धड्यांची ओळख कुणी करून देत नाही.

कारण हवेच्या थरांत आहे. तापलेल्या हवेत आवाज भरभर धावतो. शून्य अंशाला त्याचा वेग सेकंदाला 331 मीटर. पुढं दर अंशामागं साधारण 0.6 मीटरची भर. म्हणजे हिवाळ्यातल्या 12 अंशांच्या पहाटे 338, तर मे महिन्यातल्या 42 अंशांना 356. प्रकाशालाही तापलेल्या, विरळ झालेल्या हवेत किंचित मोकळीक मिळते. आता जोडीतला एक बैल रेंगाळला की पाभर कुठं वळते? रेंगाळलेल्या बैलाच्या बाजूला. लाटेचंही तसंच. तिचं एक टोक जलद आणि दुसरं मंद झालं की ती मंद बाजूला, म्हणजे गार हवेकडं वळते. दुपारी जमीन तव्यासारखी तापलेली, गारवा त्या मानानं वर. त्यामुळं भोंग्याचा आवाज वर उचलला जातो आणि माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. क्षितिजालगतच्या आभाळाचा उजेड रस्त्याकडं उतरता उतरता वर वळतो आणि डोळ्यात शिरतो. आपण त्याला पाणी म्हणतो. पहाटे सगळं उलट. जमीन गार पडलेली, वरची हवा तुलनेनं उबदार. वर निघालेला काकड्याचा आवाज पुन्हा खाली वळतो. शिवाय पहाटे बाकीचा गलबलाही नसतो, हे खरंच.

प्रकाशाच्या वेगात तापमानामुळं पडणारा फरक मात्र फारच बारीक, काही लाखांशांत मोजण्याइतका. म्हणून मृगजळ पायाशी कधीच दिसत नाही. ते नेहमी लांब, नजर रस्त्याला जवळपास घासून जाते तिथंच दिसतं, आणि जवळ जावं तसं पुढं सरकतं.

लाट म्हणजे काय, हा प्रश्न इतका जुना की त्याचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असं वाटतं. गोदावरीवर जोगलादेवीच्या बंधाऱ्यात पाणी अडलेलं असताना खडा टाकून पाहावा. लाट काठापर्यंत येते, पण पाण्यावर तरंगणारी काडी जागच्या जागी खालीवर होते, काठाला लागत नाही. निरोप जातो, निरोप्या जागेवरच. आपण साधं बोलतो तेव्हा हवेचा कण किती हलतो? मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्या हालचालीवर सगळी भांडणं आणि सगळी कीर्तनं चालतात. पुन्हा पुन्हा तेच घडणं हा लाटेचा स्वभाव, आणि त्याला मराठीत एक देखणा शब्द आहे: आवर्तन. तालाचं आवर्तन असतं आणि पैठणच्या डाव्या कालव्यालाही आवर्तन सुटतं. कालव्याचं आवर्तन वेळेवर येत नाही, एवढाच फरक.

सेकंदाला आवर्तनं किती, ती वारंवारता. दोन उंचवट्यांमधलं अंतर, ती तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. लाटांचं बहुतेक गणित या एका ओळीतून फुटतं. माणसाच्या कानाला 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतं, म्हणजे सुमारे 17 मीटरपासून 17 मिलिमीटरपर्यंतच्या लाटा. डोळ्याला दिसतो तो प्रकाश 400 ते 700 नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एखादा. माझं म्हणणं एवढंच, की ध्वनी आणि प्रकाश यांच्या वागण्यात आपल्याला जो जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, तो बराचसा या लांबीचा आहे. लाट केवढी आणि तिच्या वाटेत आलेली वस्तू केवढी, हे आधी विचारावं. परावर्तन, विवर्तन, विकिरण ही पुस्तकातली नावं मग आपोआप लागत जातात.

वाड्याच्या भिंतीआडून आई हाक मारते. ती दिसत नाही, पण ऐकू येते. पुरुषी आवाजाची मूळ लाट जवळपास तीन मीटर लांब, बाईच्या आवाजाची दीडेक मीटर. दरवाजाची रुंदी मीटरभर. एवढ्या लांब लाटेला दरवाजा म्हणजे फट. फटीतून बाहेर पडताना ती सगळीकडं पसरते. प्रकाशाच्या लाटेपुढं तोच दरवाजा लाखो पटींनी मोठा, म्हणून प्रकाश सरळ जातो आणि कडेला धारदार सावली पडते. या सावलीनंच न्यूटनला चकवलं. प्रकाश लाट असता तर आवाजासारखा कोपऱ्यावर वळला असता; वळत नाही, तेव्हा तो कणांचा मारा असला पाहिजे, असा त्याचा कल होता. त्याच काळात हॉलंडचा हायगन्स लाटेची बाजू मांडत होता, पण न्यूटनच्या नावाच्या वजनाखाली ती शंभरेक वर्षं दबून राहिली. 1801 ते 1803 या काळात टॉमस यंगनं दोन वाटांनी आलेला प्रकाश एकमेकांवर पाडून उजेड-अंधाराचे पट्टे दाखवले. उजेडात उजेड मिळवला आणि अंधार झाला. कणांच्या हिशेबात हे बसत नाही.

तरी वाद मिटला नाही. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं या विषयावर स्पर्धा ठेवली. फ्रेनेल नावाच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या एका अभियंत्यानं 1818 साली लाटेची बाजू गणितानिशी पाठवली. परीक्षकांत प्वासाँ होता, कणवाला. त्यानं फ्रेनेलचंच गणित पुढं चालवलं आणि टोमणा मारला: हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा! आरागो नावाच्या दुसऱ्या परीक्षकानं चकती लावून प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. विज्ञानाच्या इतिहासात विरोधकाचा टोमणाच पुरावा ठरल्याचं इतकं झकास उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हा प्रकार स्वतः पाहायचा तर रात्री पातळ ओढणी डोळ्यांसमोर ताणून दूरचा दिवा पाहावा. दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसते. विणीच्या छिद्रांमधून प्रकाश किंचित वळतो, त्याची ती खूण.

लग्नसराईतला डीजे हे याच नियमाचं त्रासदायक रूप. वरात पार दुसऱ्या गल्लीत असते, गाणं ओळखू येत नाही, पण छातीत धडधड होते आणि पत्रे थरथरतात. साठ हर्ट्झची लाट पावणेसहा मीटरची; घरं, कोपरे, झाडं तिच्यापुढं चिल्लर. ती सगळ्यांना वळसा घालून येते. गाण्यातले शब्द ज्या बारीक लाटांवर असतात त्या भिंतींवर आपटतात, पडद्यांत, पानांत, हवेतही विरतात. म्हणून खिडकी बंद करून फायदा होत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. डेसिबलची चढण सरळ नाही. दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते, म्हणजे 95 डेसिबल हे 55च्या दुपटीहून थोडं कमी नाही, तर दहा हजार पट आहे. हा हिशेब बैठकीत मांडला की लोक माना डोलावतात आणि वरात निघते.

लाट कोंडली म्हणजे काय होतं, ते वाद्यांत ऐकावं. पोकळ जागेत किंवा ताणलेल्या तारेवर मनाला येईल ती लाट राहू शकत नाही. त्या मापात बसणाऱ्याच लाटा टिकतात. काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरीत हाक मारली की आवाज घुमतो तो यामुळं. तारेत बसणाऱ्या लाटांच्या वारंवारता एक-दोन-तीन-चार अशा सरळ पटींत येतात, म्हणून तार सुरेल लागते. ताणलेल्या चामड्याचं तसं नाही. तिथं पटी 1, 1.59, 2.14 अशा वाकड्यातिकड्या येतात, म्हणून साध्या ढोलाला थाप असते, स्वर नसतो. पण पखवाज आणि तबला तर स्वरात लावतात! हे कसं, याचा छडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावला आणि 1920 साली 'नेचर' नियतकालिकात तो छापला. मधोमध दिलेल्या शाईच्या वजनामुळं चामड्याच्या वाकड्या पटी सरळ पटींच्या जवळ येऊन बसतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भजनाआधी कणकेचा गोळा थापतात, ते वजनाचंच काम. हे गणित मांडलं जाण्याच्या कितीतरी आधी कुणा कारागिरानं नुसत्या कानानं ते सोडवलं होतं. रामन यांनी पुढच्याच वर्षी तंतुवाद्यांवर लिहिलं. तार जिथं छेडली तिथं स्थिर राहणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत असा युरोपातला नियम. तंबोऱ्यात मात्र ते खणखणीत ऐकू येतात. किमया घोडीवरच्या जव्हारीची आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याची. मिरजेचे कारागीर त्यासाठी घोडी घासत किती वेळ बसतात, ते एकदा पाहून यावं.

त्याच 1921 साली रामन विलायतेहून बोटीनं परतत होते. समुद्र निळा का, याचं तोवरचं उत्तर लॉर्ड रॅले यांचं: आभाळाचं प्रतिबिंब. रामन यांनी डेकवरून एका खास स्फटिकाच्या लोलकातून पाण्याकडं पाहिलं. या लोलकाचा उपयोग कळायला ध्वनी आणि प्रकाश यांच्यातला एक खराखुरा फरक सांगायला हवा, जो लांबीचा नाही. हवेतला आवाज आपल्या वाटेनंच पुढंमागं हलतो, संपीडन आणि विरलन. प्रकाश वाटेला आडवा हलतो, आणि आडवं हलायला अनेक दिशा असतात. पाण्यावरून परावर्तित झालेल्या उजेडात त्यांतली एक दिशा वरचढ होते, आणि लोलक ती दिशा अडवू शकतो. रामन यांनी आभाळाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं, तरी समुद्र निळाच राहिला. तो निळा रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या उजेडाचा, असं त्यांनी मांडलं. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा 'नेचर'साठीचं पत्र तयार होतं. त्यावर तारीख 26 सप्टेंबर 1921 आणि ठिकाण मुंबई बंदर अशी नोंद आहे. या वाटेनं पुढं 28 फेब्रुवारी 1928चा रामन परिणामाचा शोध आणि 1930चं नोबेल आलं.

आभाळाचा निळेपणा मात्र रॅले यांनी बरोबर ओळखला होता. तिथंही मापाचाच खेळ. हवेचे रेणू प्रकाशाच्या लाटेहून हजारभर पटींनी लहान. इतक्या बारीक अडथळ्यावर आखूड लाट जास्त विखुरते, आणि तीही लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. लाल रंगापेक्षा निळा चौपटीहून जास्त. म्हणून वर निळं, आणि मावळतीला, जिथं उजेड हवेतून लांबून येतो आणि निळा वाटेतच सांडून जातो, तिथं लाल. पण मराठवाड्यातलं एप्रिल-मे महिन्यातलं आभाळ निळं कुठं असतं? ते पांढुरकं, धुरकट. धुळीचे कण लाटेएवढे किंवा तिच्याहून मोठे. ते सगळ्या रंगांना सारखंच वागवतात, आणि सगळे रंग सारखे विखुरले की पांढरा. मृगाचा पहिला दमदार पाऊस धूळ खाली बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी वर पाहिलं की आभाळ धुतल्यासारखं निळं.

दुसऱ्या टोकाला रेडिओच्या लाटा. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागते. प्रकाशाच्याच वेगानं जाणारी ही लाट जवळपास 538 मीटर लांब. तिला घर, झाड, टेकडी म्हणजे काहीच नाही. जमिनीच्या वळणाबरोबर ती दूरवर जाते. सव्वातीनशे किलोमीटरवरच्या घनसावंगीत ती दिवसा खरखरते आणि रात्री स्वच्छ लागते, कारण दिवसा तिला गिळणारा वातावरणाचा वरचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि त्याहून वरचा थर तिला आरशासारखा परत पाठवतो. एफएमची लाट फक्त तीन मीटरची. आवाज छान, पण एक-दोन तालुके ओलांडले की संपली. नारायणगावजवळ खोडद इथं गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, कारण त्या भरीव नाहीत. तारांच्या जाळीच्या आहेत, आरपार आभाळ दिसतं. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि पकडायच्या लाटा वीसेक सेंटिमीटरपासून दोनेक मीटरपर्यंतच्या. त्या लाटांच्या लेखी ही जाळी गुळगुळीत भिंत आहे. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून तबकडी हलकी आणि स्वस्त करता आली. लाटेचं माप ओळखून खर्च वाचवल्याचा हा अस्सल देशी नमुना.

एकाच घटनेतून ध्वनी, प्रकाश आणि रेडिओ अशा तिन्ही प्रकारच्या लाटा निघतात ती घटना म्हणजे वीज. मराठवाड्यात अवकाळीच्या दिवसांत वीज पडून माणसं आणि जनावरं जातात, तेव्हा हा हिशेब कामाचा आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीननं भागावं. तेवढ्या किलोमीटरवर वीज पडली. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावं. विजेची तिसरी लाट रेडिओची, ती कानाला किंवा डोळ्याला कळत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं तीच टिपणाऱ्या यंत्रांचं जाळं देशभर बसवलं आहे आणि 'दामिनी' ॲप त्यावर चालतं.

जमिनीतल्या लाटांची ओळख या भागाला फार महागात पडली. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. खडकातून दोन लाटा निघाल्या: पुढंमागं ढकलत जाणारी जलद, सेकंदाला सहाएक किलोमीटर, आणि आडवी हलवणारी मंद, साडेतीनएक किलोमीटर. घनसावंगी तिथून सरळ रेषेत एकशे साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे पहिला हादरा आणि मोठा हादरा यांत वीसेक सेकंद. किल्लारीत तेवढेही नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा टनावारी बोजा, आणि पायाखाली मऊ काळी माती. खडकातून मातीत शिरताना लाट मंदावते आणि मंदावली की उंचावते. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली.

लांबीचं हे सूत्र सगळीकडं पुरत नाही, हेही सांगायला हवं. शेतात बसवलेल्या सौर पंपाचं पॅनेल घ्या. 1,100 नॅनोमीटरहून लांब लाटेचा कितीही उजेड त्यावर ओता, वीज शून्य. त्याहून आखूड लाट अगदी मंद असली तरी थोडी का होईना वीज देते. प्रकाश लाट म्हणून चालतो, पण देवाणघेवाण करताना सुटे दाणे मोजून देतो, आणि दाण्याची किंमत वारंवारतेवर ठरते. आइनस्टाइननं 1905 साली हे मांडलं. एकच गोष्ट लाट आणि कण दोन्ही कशी, याची रीतसर गणिती उत्तरं आहेत. डोळ्यांसमोर येईल असं चित्र मात्र कुणाकडंच नाही, आणि ते आहे असं सांगणाऱ्यापासून जपून राहावं.

घनसावंगीहून सरळ पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, जवळपास त्याच अक्षांशावर, औंढा नागनाथ. तिथं नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे. त्या परिसरात आता 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लाटा टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन निर्वात नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांत लेझरचा झोत टोकांना टांगलेल्या आरशांवरून जाऊन-येऊन स्वतःशीच मिळतो, यंगच्या पट्ट्यांच्याच न्यायानं. विश्वात दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात तेव्हा अवकाशच लाटेसारखं ताणलं-आकसलं जातं आणि एक नळी क्षणभर किंचित लांब होते. किती? अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी अशी लाट पहिल्यांदा पकडली. ती 130 कोटी वर्षं चालत आली होती. गोंगाटातून असा बारीक संकेत हुडकण्याच्या गणितात पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार आधीपासून पाया घातला होता.

शंभर हर्ट्झची गुरुत्वीय लाट तीन हजार किलोमीटर लांब असते. तिला आडोसाच नाही. पृथ्वी, सूर्य, सगळ्यांतून ती निर्धास्त निघून जाते. म्हणूनच ती पकडणं इतकं अवघड. 2015च्या लाटेची वारंवारता 35 हर्ट्झपासून चढत 250पर्यंत गेली होती, म्हणजे बरोबर पखवाजाच्या पट्टीत. तेव्हा औंढ्याच्या अभियंत्यांपुढचं काम उफराटं आहे. उसाच्या ट्रॅक्टरची घरघर, दूरच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या समुद्राची जमिनीतून येणारी थरथर, आणि गार हवेत लांबवर जाणारा पहाटेचा काकडा, यांतलं काहीही त्या टांगलेल्या आरशांपर्यंत पोचू द्यायचं नाही.